गर्दीला भूल देता येत नाही

शस्त्रक्रिया चालू असताना भूलतज्ज्ञ रुग्णाच्या उशाशीच असतो. रुग्णाचं वजन, वय, आजार सगळं त्याला ठाऊक असतं. तरी श्वासावरची त्याची नजर हलत नाही. गाढ झोप आणि थांबलेला श्वास यांत अंतरच किती! भुलीचं हेच औषध हवेत सोडून हॉलभर माणसं एकदम झोपवायची, ही माणसाला 'फक्त निकामी' करणाऱ्या रासायनिक शस्त्रांमागची कल्पना.

२६ ऑक्टोबर २००२ च्या पहाटे मॉस्कोत ती वापरली गेली. दुब्रोव्का नाट्यगृहात चेचेन बंडखोरांनी आठशेहून अधिक लोक ओलीस धरले होते. सुरक्षा दलांनी आत वायू सोडला. सुमारे १३० ओलीस दगावले, बहुतेक त्या वायूनेच. वाचलेल्या काहींचे कपडे आणि लघवी ब्रिटनमध्ये तपासली गेली, तेव्हा कारफेंटानिल आणि रेमिफेंटानिल ही अफूसारखा परिणाम करणारी जालीम औषधं सापडली. त्यातलं कारफेंटानिल हत्तीसारख्या प्राण्यांना बेशुद्ध करायला वापरतात.

चूक मात्रेची होती, असं म्हणणं सोपं आहे. पण गर्दीसाठी योग्य मात्रा नावाची गोष्टच नसते. वायू जिथून आत येतो तिथे बसलेल्याच्या छातीत जास्त जातो, कोपऱ्यातल्याच्या कमी. शस्त्रधारी नेमका कोपऱ्यात असला तर? त्याला पाडायचं तर दाराजवळच्या दमेकरी म्हाताऱ्याला मारक मात्रा मिळणारच. त्यात बेशुद्ध माणसाची मान कलते, जीभ मागे पडते, श्वासाची वाट बुजते. नालॉक्सोन हा उतारा आहे, पण तो वेळेत टोचावा लागतो. आणि मॉस्कोत डॉक्टरांना आत नेमकं काय सोडलंय हेच सांगितलं नव्हतं.

१९९७ पासून लागू असलेला रासायनिक शस्त्रबंदी करार तात्पुरतं निकामी करणारी रसायनंही शस्त्र म्हणून वापरू देत नाही. मात्र कायदा-सुव्यवस्थेसाठी त्यात सवलत आहे, आणि पळवाट तिथेच होती. मेंदूवर परिणाम करणाऱ्या रसायनांचा फवारा त्या सवलतीत बसत नाही, असा निर्णय करारातल्या देशांनी डिसेंबर २०२१ मध्ये बहुमताने घेतला. रशियाने विरोधात मत दिलं.

निर्णय झाला तरी तपासणी अवघडच. औषधाचे कण फुप्फुसात खोलवर कसे पोचवायचे, हा दम्याच्या इनहेलरवर काम करणाऱ्यांचाही रोजचा प्रश्न आहे. निरीक्षकाला शस्त्राच्या आणि इनहेलरच्या, दोन्ही प्रयोगशाळांत दिसणार ती बरीचशी तीच यंत्रं.