मोआ: सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याची घाईत झालेली अखेर

जुलै २०२५ मध्ये एका अमेरिकी जैवतंत्रज्ञान कंपनीने न्यूझीलंडचा नामशेष झालेला मोआ पक्षी ‘परत आणण्याची’ घोषणा केली. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांचे पैसे त्यात असल्यामुळे बातमी जगभर फिरली. पण मोआ म्हणजे ‘न्यूझीलंडचा शहामृग’ एवढंच बहुतेक ठिकाणी छापून आलं, आणि ते तितकंसं खरं नाही.

विज्ञानाला मोआ सापडला तो एका हाडाच्या तुकड्यातून. १८३९ साली जॉन रूल नावाच्या शल्यविशारदाने लंडनमध्ये रिचर्ड ओवेन या शरीररचनातज्ज्ञापुढे वीतभर लांबीचा, दोन्ही टोकं तुटलेला एक तुकडा ठेवला. ओवेनला आधी ते बैलाचं हाड वाटलं. आतली जाळीदार रचना निरखल्यावर मात्र त्याचं मत बदललं. न्यूझीलंडमध्ये शहामृगाएवढा किंवा त्याहूनही थोराड पक्षी होता, असं त्याने जाहीर करून टाकलं. एका तुकड्यावर एवढी पैज लावणं धाडसाचंच होतं. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, तिथल्या मिशनऱ्यांनी पाठवलेल्या हाडांच्या पेट्या पोचल्या आणि ओवेनचं म्हणणं खरं ठरलं.

मोआ एकच नव्हता. आज त्याच्या नऊ जाती मानल्या जातात. काही टर्कीपेक्षा थोड्या मोठ्या, तर दक्षिण बेटावरच्या महाकाय मोआची मादी मान ताणली की साडेतीन मीटरपर्यंत पोचायची, वजन दोनशे किलोंच्या पुढे. जुन्या संग्रहालयांत त्यांचे सांगाडे मान सरळ वर करून उभे केलेले दिसतात, ते रुबाबासाठी. एरवी मोआ मान पुढे काढून चालत असणार. नर मादीपुढे इतका लहान होता की बरीच वर्षं नर-मादींना वेगवेगळ्या जाती समजून वेगळी नावंही दिली गेली. २००३ मध्ये डीएनए तपासला तेव्हा हा घोळ निस्तरला.

पंखांची गोष्ट याहून विलक्षण. शहामृगाला पंख आहेत, किवीलाही नखाएवढे का होईना आहेत. मोआला पंखाचं एकही हाड नव्हतं आणि खांद्यात पंख बसायची खोबणीही उरली नव्हती. माणूस येईपर्यंत न्यूझीलंडमध्ये जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. त्यामुळे हरणांनी चरायचं काम तिथे मोआ करत. चोचीने काटक्या छाटायच्या, गिळायच्या आणि पोटातल्या दगडांनी भरडायच्या. असे गुळगुळीत झालेले गारगोट्यांचे ढीग तिथे आजही सापडतात. आसपास तसा दगड नसलेल्या जागी मूठ-दोन मुठी चकचकीत खडे एकत्र पडलेले दिसले, की तिथे एक मोआ मेला होता असं समजायचं.

त्याला धोका होता तो आभाळातून. हास्टचा गरुड दहा-पंधरा किलोंचा, आजच्या कुठल्याही गरुडापेक्षा जड. मोआच्या कमरेच्या हाडांत त्याच्या नख्यांनी पडलेली भोकं सापडली आहेत. शहामृगाशी तुलना इथेच फसते. शहामृग सिंह-चित्त्यांच्या शेजारात वाढलेला, पळण्यासाठी घडलेला. (तो एके काळी आपल्याकडेही होता. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याचं सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचं नक्षी कोरलेलं कवच मिळालं आहे.) मोआची हाडं जाडजूड, पाय आखूड. मागे धावणारं जनावर त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

तरीही मोआचा घात मला त्याच्या पायांपेक्षा त्याच्या हाडांतल्या वलयांत दिसतो. शहामृगाचं पिल्लू वर्ष-दीड वर्षात मोठ्यांच्या उंचीला येतं. मोआच्या काही जातींच्या हाडांत मात्र झाडाच्या खोडासारखी वाढीची वलयं मिळाली, काहींत नऊपर्यंत. म्हणजे अंगाने पुरतं वाढायलाच जवळपास दशक लागत होतं. गरुड अधूनमधून एखादा मोआ उचलत होता, तोवर हा हिशेब जमत होता.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिनेशियातून होड्या आल्या. आलेल्या माणसांनी या पक्ष्याला नाव दिलं ‘मोआ’. त्यांच्या मूळ बेटांवर मोआ म्हणजे कोंबडी! पुढे नदीमुखांवर मोठमोठ्या भट्ट्या पेटल्या. वायराऊ बार इथे १९३९ मध्ये जिम आइल्स या शाळकरी मुलाला एक दफन सापडलं. त्यात सांगाड्याशेजारी मोआचं अंडं ठेवलेलं होतं, एका टोकाला भोक पाडून पाण्याचं भांडं केलेलं. मोठ्या पक्ष्यांबरोबर अंडीही जात होती, जंगलंही जाळली जात होती. सोबत आलेली कुत्री आणि उंदीर होतेच.

हवामान बदललं म्हणून मोआ आधीच कमी होत आले होते, असं बरेच दिवस म्हटलं जाई. पण प्राचीन डीएनएच्या अभ्यासात माणूस येण्याआधीच्या चार हजार वर्षांत घट दिसत नाही. संख्या स्थिर होती, कदाचित वाढतही होती. आणि संहार करणारी माणसं तरी किती? एका अंदाजानुसार दोन-अडीच हजारांच्या आत. पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे दीडेकशे वर्षांत, सगळ्या नऊ जाती संपल्या. भक्ष्य गेलं तसा गरुडही गेला. ‘मोआ हरवला तसे हरवलो’ ही माओरींची, म्हणजे होड्यांतून आलेल्या त्या माणसांच्या वंशजांची म्हण. एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांच्या वसाहतीत त्यांची संख्या घटू लागली तेव्हा ती त्यांना स्वतःलाच लागू पडेल अशी भीती होती.

आता तो ‘परत’ यायचा, तर आधी अंड्याचा प्रश्न. महाकाय मोआचं अंडं साधारण २४ सेंटिमीटर लांब, तर पिल्लू वाढवायला ज्याचा विचार होऊ शकतो त्या एमू या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या पक्ष्याचं जेमतेम १३. मोआचं कवच तर मिलीमीटर-दीड मिलीमीटरच जाड होतं, आणि कवचाच्या बाहेरच्या बाजूला मिळालेला डीएनए नराचा निघाला. म्हणजे ही नाजूक अंडी बहुधा नरच उबवत असणार. शिवाय आज जिवंत असलेला मोआचा सर्वांत जवळचा नातलग ना शहामृग, ना शेजारचा किवी. तो आहे दक्षिण अमेरिकेतला टिनामू, आपल्या तित्तिरासारखा दिसणारा. आणि तो उडतो.