कॅप्टनची खुर्ची वजनाने मोडत नाही

फायबरच्या छोट्या मोटरबोटीवर चालवणाऱ्याची खुर्ची बहुतेक वेळा एकाच खांबावर उभी असते. एक दिवस हा खांब बुडापाशी मोडतो आणि सगळ्यांचं लक्ष खुर्चीत बसलेल्याच्या पोटाकडे जातं. ‘वजन झेपलं नाही’ हा निकाल ठरलेला. तो साफ चुकीचा आहे आणि त्याच्यापायी दुरुस्तीही चुकते.

जरा हिशेब करू. ८० किलोचा माणूस म्हणजे सुमारे ८०० न्यूटन बल. ७ सेंमी व्यासाची, ३ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची नळी घेतली तर हे बल दर चौरस मिलिमीटरला जेमतेम सव्वा न्यूटन पडतं. बोटींसाठी वापरतात ते ६०६१-टी६ जातीचं ॲल्युमिनियम दर चौरस मिलिमीटरला सुमारे २७५ न्यूटनपर्यंत कायमचं वाकत नाही. बोट कलली आणि वजनाच्या निम्म्याइतकं बल ७० सेंमी उंचीवर आडवं लागलं, तरी बुडाशी ताण, म्हणजे दर चौरस मिलिमीटरवरचं बल, येतो २७ च्या आसपास. म्हणजे दहावा हिस्सा. जाड माणूस बसला तर हा ताण तिशी-पस्तिशीत जाईल, इतकंच.

मग खांब मोडतो कशाने? पुन्हा पुन्हा बसणाऱ्या छोट्या धक्क्यांनी. सेकंदाला एक लाट धरली तर तासाला ३,६०० धक्के, ३०० तासांत दहा लाखांच्या वर. जर्मनीत ऑगस्ट व्होलरने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि दाखवून दिलं की एकदा आलेला जो ताण धातू सहज पेलतो, तोच लाखो वेळा आला की धातू तुटतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. कोरड्या हवेत पोलादाला निदान एक खालची मर्यादा असते, तिच्याखालचा ताण कितीही वेळा आला तरी चालतो. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही.

मोडलेला खांब भंगारात टाकण्याआधी तुटलेली कड भिंगाखाली बघा. एका बाजूला मळकट, गुळगुळीत भाग दिसेल. त्यात कधी कधी एका बिंदूभोवती पसरत गेलेल्या कमानीसारख्या रेषा असतात. तो बिंदू म्हणजे तड्याचा जन्म. उरलेला भाग खरखरीत आणि लखलखीत असतो, तो शेवटच्या क्षणी तुटलेला. तडा अनेक महिने वाढत होता, खुर्चीत त्या दिवशी कोण बसलं हा केवळ योगायोग.

आता माझा जीव जिथे अडकतो तो भाग. थकवा तरी बुडाशीच का लागतो? १९१३ साली चार्ल्स इंग्लिस या अभियंत्याने ब्रिटनमधल्या नौका-अभियंत्यांच्या संस्थेपुढे याचं गणित मांडलं. नदीत खडक आला की पाणी जसं त्याच्या कडेने दाटून वाहतं, तसा ताण भोकाच्या नाहीतर खाचेच्या कडेला दाटतो. किती दाटतो, ते खाचेची लांबी आणि टोकाची गोलाई यांवर ठरतं. लांबीच्या निम्म्याला टोकाच्या त्रिज्येने भागा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा आणि एक मिळवा. गोल भोकाला उत्तर येतं तीन. १० मिमी लांबीच्या तड्याचं टोक ०.०५ मिमी त्रिज्येचं असेल तर उत्तर येतं एकवीस! त्याच तड्याच्या दोन्ही टोकांवर ६ मिमीची भोकं पाडली तर लांबी १६ मिमी होते, पण त्रिज्या ३ होते आणि उत्तर सव्वाचारवर उतरतं. धातू काढून टाकला आणि तडा थोपला! अर्थात खुर्चीच्या खांबाला हा तात्पुरताच उपाय.

खांब बुडाशी बहुधा बैठकीला वेल्ड केलेला असतो, आणि वेल्डिंगची कड हीसुद्धा अशीच खाच. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने त्याच्या आसपास ६०६१-टी६ ची ताकद जवळजवळ निम्म्यावर उतरते. म्हणून मोडलेल्या जागी जाड त्रिकोणी पट्टी ठोकून वेल्ड केली की पट्टी टिकते आणि खांब तिच्या टोकाशी मोडतो. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर कीलंड’ हा तरंगता मंच उलटून १२३ माणसं गेली. त्याची सुरुवात एका आडव्या आधारनळीवरच्या ६ मिमीच्या वेल्डपासून झाली होती. तिथे पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या यंत्राचा छोटा आधार जोडलेला होता.

स्टिअरिंगपाशी लिंबू-मिरची टांगून हा तडा थांबत नाही. ‘स्टीलइतकं मजबूत’ असं छापलेली पुट्टी फासूनही नाही. पुट्टीने तडा झाकला जातो आणि दिसेनासा होतो, ते जास्त घातक.

खांब नवा घ्यावा, शक्यतो मोठ्या व्यासाचा. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर वाकवणारा ताण चौथ्या हिस्स्यावर येतो.

खरी मेहनत डेकवर करायची. फायबरच्या दोन थरांमध्ये बहुधा प्लाय असतो. स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपून तो कुजतो. वरचं आडवं बल एकमेकांपासून १५ सेंमी अंतरावरच्या बोल्टांवर उतरताना एका बाजूला जवळजवळ १९० किलोचा ओढा देतं, आणि कुजक्या प्लायमध्ये स्क्रू त्याला टिकत नाहीत. कुजका भाग खरवडून वाळवा, भोकं मोठी करून दाट केलेल्या एपॉक्सी गोंदाने भरा आणि त्यातच नव्याने ड्रिल मारा. स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घाला, खालून कोपरे गोल केलेली रुंद पट्टी द्या. स्टेनलेसचे बोल्ट आणि ॲल्युमिनियमची बैठक यांच्यामध्ये नायलॉनचे वायसर हवेत, नाहीतर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

नट नीट आवळा. घट्ट ताणलेल्या बोल्टला लाटेचा फारच थोडा हिस्सा जाणवतो. सैल बोल्टवर मात्र प्रत्येक धक्का पूर्ण बसतो आणि तोही थकून तुटतो. आवळून झालं की नट आणि पट्टी मिळून मार्करने एक सरळ रेघ ओढा. रेघ जुळेनाशी झाली की नट फिरलाय, पुन्हा आवळा.