टोमॅटोची बगलफूट काढणे
टोमॅटोचं पान खोडाला जिथं जोडलेलं असतं त्या बेचक्यातून जो नवा कोंब फुटतो त्याला बगलफूट म्हणतात, घरी आपण नुसतं फुटवा म्हणतो, आणि तो लहान असतानाच खुडायचा असतो. पुण्यात टेरेसवर किंवा गॅलरीत कुंडीत लावणाऱ्यांनी हे शिकायलाच पाहिजे, कारण फुटवा राहिला की बघता बघता दुसरं खोड तयार होतं, मग त्यालाही फुटवे येतात, पानांची गर्दी होते, हवा खेळत नाही आणि करपा हा बुरशीचा रोग येतो.

पण आधी जात बघा. पुसा रुबी किंवा बहुतेक चेरी टोमॅटो उंच वाढतच राहतात, त्यांना काठी-सुतळीचा आधार देऊन एक-दोन खोडंच ठेवायची. रोमासारख्या झुडपी जातीत मात्र फांदीच्या टोकाला फुलं येऊन वाढ आपोआप थांबते, तिथं फुटवे काढले तर फळंच कमी होतात, म्हणून पहिल्या फुलांच्या खालचे सोडले तर बाकीच्यांना हात लावू नये.

नवीन माणूस चुकतो ते फुलांच्या घोसात. घोस बेचक्यातून येत नाही, दोन पानांच्या मधल्या खोडातून निघतो, हे एकदा डोक्यात बसलं की घोळ होत नाही. शेंडाही सांभाळा, तो मोडला की उंची तिथंच अडते.

फुटवा बोटभर व्हायच्या आतच काढावा, बाजूला वाकवला की कट्कन तुटतो, कात्री लागत नाही. सकाळी पानं कोरडी असताना करा म्हणजे जखम दिवसभरात सुकते. तंबाखू मळलेले हात आधी साबणाने धुवा, त्यातून मोझॅक व्हायरस रोपाला लागू शकतो.

जून ते सप्टेंबर पावसाचे थेंब मातीवर आपटून चिखल खालच्या पानांवर उडतो, त्यातून बुरशी चढते, तेव्हा मातीला टेकलेली पानं काढलेली बरी. मार्च ते मे मात्र हात आखडता घ्या! आपल्याकडच्या उन्हात उघडं पडलेलं फळ एका बाजूने पांढरं पडून भाजतं, सावली धरणारी पानं राहू द्यावीत.

लक्ष नव्हतं आणि फुटवा वीतभर झाला तर फेकू नका, वाईट वाटतं. खालची पानं काढून ग्लासभर पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं सुटतात आणि दुसऱ्या कुंडीला फुकटचं रोप मिळतं.