होस्ट्स फाइलमधली ओळ आणि डीएनएसमधली नोंद

“माझ्याकडे उघडतंय, शेजारच्या टेबलावर नाही.” ऑफिसातल्या वेब सर्व्हरला नाव दिल्यावर ही तक्रार आली, की ते नाव नेमकं कुठे लिहिलंय हे आधी बघावं. बहुतेक वेळा ते होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे त्या एका संगणकावरच्या नाव-पत्त्यांच्या यादीत, असतं आणि लिहिणाऱ्याची समजूत असते, की डीएनएसमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नावाचा पत्ता सांगणाऱ्या सेवेत, नोंद झाली.

दोन्हीकडे मजकूर तोच: एक नाव आणि त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता), समजा १९२.१६८.१.२०. फरक आहे तो वाचणाऱ्याचा. होस्ट्स फाइल ज्या संगणकावर आहे, तोच ती वाचतो. त्यामुळे खुद्द सर्व्हरवर ती भरून इतरांना काहीच उपयोग नाही. डीएनएसची नोंद मात्र एका जागी असते आणि विचारेल त्याला उत्तर मिळतं.

आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवर, सुरुवातीला अशी एकच यादी होती. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ती सांभाळायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी यादी आवरेना. १९८३मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. आज वीस संगणकांवर हाताने फाइल भरणारा माणूस तेच दुखणं पुन्हा ओढवून घेतो. सर्व्हरचा पत्ता बदलला, की निघाला टेबलं फिरायला. मोबाइलवर तर ही फाइल सहसा बदलताच येत नाही.

नवी साइट आधी स्वतःपुरती तपासायला मात्र होस्ट्स फाइलच सोपी, कारण साधारणपणे ती डीएनएसच्या आधी पाहिली जाते. तपासून झालं की ती ओळ आठवणीने काढा, नाहीतर पुढे डीएनएस बरोबर असूनही तुमचा संगणक जुन्याच पत्त्यावर जात राहील.

सगळ्यांसाठी नाव हवं असेल तर नोंद ऑफिसच्या डीएनएसमध्येच करा. बऱ्याच राउटरमध्येही ही सोय असते. सर्व्हरचा आयपी कायम ठेवा आणि डीएचसीपीतून (संगणकांना पत्ते आपोआप वाटणारी सोय) सगळ्यांना तोच डीएनएस मिळू द्या. इथे एक चूक फार जण करतात: ‘असू दे जोडीला’ म्हणून दुसरा डीएनएस बाहेरचा, ८.८.८.८ वगैरे, देतात. त्याला तुमच्या ऑफिसातलं नाव माहीत नसतं, म्हणून साइट कधी उघडते, कधी नाही. नावाच्या शेवटी ‘डॉट लोकल’ही नको; तो शेवट मल्टिकास्ट डीएनएससाठी (सर्व्हरशिवाय उपकरणं एकमेकांनाच नाव विचारतात ती पद्धत) राखीव आहे. ‘डॉट इंटर्नल’ मात्र आयकॅनने, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने, २०२४मध्ये अशा खाजगी वापरासाठीच राखून ठेवलं आहे.

नाव बरोबर पत्त्यावर पोहोचतंय, तरी भलतंच पान दिसतंय? मग डीएनएसला हात लावू नका. ब्राउझर प्रत्येक विनंतीत नावही पाठवतो. ते नाव वेब सर्व्हरच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये (कुठल्या नावाला कुठली साइट दाखवायची ती मांडणी) लिहायचं राहिलं असणार.