मीवात्न सरोवरावरील पाणपक्षी छायाचित्रण

मीवात्न हे उत्तर आइसलँडमधील सुमारे ३७ चौ. किमी. क्षेत्राचे सरोवर. ते फार उथळ आहे. नैसर्गिक खोली जेमतेम चार मीटर. ऊन तळापर्यंत पोचते, शेवाळ माजते, शेवाळावर चिलटांच्या अळ्या पोसतात आणि अळ्यांवर बदके. नावाचा अर्थही ‘चिलटांचे तळे’ असाच आहे. इथे बदकांच्या दहाहून अधिक जाती वीण करतात आणि त्यांच्यासाठी मे-जूनमध्ये छायाचित्रकार येतात. तोंडावर जाळी बांधल्याखेरीज मात्र कॅमेऱ्याला डोळा लावणे कठीण.

खरे आकर्षण दोन बदकांचे. बॅरोज गोल्डनआय आणि हार्लेक्विन ही दोन्ही युरोपात नियमित वीण करतात ती फक्त आइसलँडमध्ये. पहिले लाव्हाच्या कपारीत, शेतघरांच्या भिंतीतल्या पोकळीत किंवा माणसांनी ठेवलेल्या पेट्यांत अंडी घालते. म्हणून त्याचे स्थानिक नाव ‘घरबदक’. दुसरे सरोवरातून निघणाऱ्या लाक्साउ नदीच्या खळाळात राहते. निळसर राखाडी अंगावर पांढरे पट्टे असलेला त्याचा नर फेसाळ पाण्यात टिपताना पांढरा रंग जळून जातो, म्हणजे त्यातला तपशील उरत नाही, म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) थोडे खाली ठेवावे लागते.

लालमानी फॅलरोप या छोट्या पाणपक्ष्यासाठी लांब लेन्सचीही गरज पडत नाही. तो काठाशी भोवऱ्यासारखा गिरक्या घेत खातो आणि निवांत बसलेल्या माणसाच्या इतका जवळ येतो, की फोकस बसेनासा होतो. यात मादी अधिक रंगीत, अंडी उबवतो नर. नवखे लोक हमखास उलट नोंद करतात.

जूनअखेरीस सूर्य मध्यरात्रीनंतर थोडाच वेळ बुडतो, अंधार होतच नाही. त्यामुळे काम रात्री चालते: तिरपे पिवळे ऊन, पडलेला वारा, आरशासारखे पाणी. काठावर पालथे पडून, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून घेतलेली चित्रे उभ्याने घेतलेल्यांपेक्षा कितीतरी सरस ठरतात.

१९७४ पासून सरोवराला कायद्याचे संरक्षण आहे. विणीच्या काळात पश्चिम काठावर रस्ता सोडून फिरण्यास मनाई असते. मादी घरट्यावरून उठली की अंडी गारठतात, शिवाय कावळ्यांना ती दिसतात. मादीला असे उठवून घेतलेल्या चित्राला अनुभवी छायाचित्रकार किंमत देत नाहीत. इथले शेतकरी पूर्वापार बदकांची अंडी गोळा करतात, पण घरट्यात किमान चार ठेवूनच.

भिगवण किंवा नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात उत्तरेकडची बदके पाहणाऱ्यांना या पक्षीजीवनाची अर्धीच बाजू दिसते. ऑक्टोबरात येणारे नर बहुधा फिक्या पिसाऱ्यात असतात आणि पिल्ले उत्तरेतच वाढून, मोठी होऊन आलेली असतात.