पिकअपला मोठा फीड पंप टाकायचं खूळ आलं कुठून

मोबाईलवर अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ बघून इंदूरची पोरं पण आता मेकॅनिकला विचारायला लागलीत की भिया, आपल्या गाडीला मोठा लिफ्ट पंप टाकता येईल का. येईल की, पैसे असले तर काहीही टाकता येतं. पण तिकडे हा प्रकार सुरू कशामुळे झाला ते माहीत नसताना टाकायचं म्हणजे शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आपण गोळ्या आणून खाण्यासारखं आहे, म्हणून जरा मागून सांगतो.

लिफ्ट पंप, फीड पंप, सप्लाय पंप, काहीही म्हणा, काम एकच. टाकीतलं डिझेल उचलून इंजिनवरच्या मोठ्या पंपाच्या, म्हणजे सिलिंडरमधे जोराने डिझेल फवारणाऱ्या इंजेक्शन पंपाच्या, तोंडाशी आणून द्यायचं. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मधे आउग्सबुर्गला नीट चाललं तेव्हा डिझेल सिलिंडरमधे ढकलायला कॉम्प्रेस्ड हवा वापरायचे, आणि त्यासाठी लागणारं कॉम्प्रेसरचं लटांबर गाडीवर बसवणं अवघडच. निमाडात विहिरींवर किर्लोस्करची लहान इंजिनं पाहिली असतील, त्यांची टाकी वरच असते, डिझेल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, उचलायचा प्रश्नच नाही. गाडीत मात्र टाकी खाली चासीला लटकलेली, इंजिन पुढे, मधे लांब पाइप आणि फिल्टर.

बॉशने १९२२ मधे डिझेलच्या इंजेक्शन पंपाचं काम हातात घेतलं आणि १९२७ मधे इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर, म्हणजे दट्ट्या, सगळे एका ओळीत) कारखान्यातून बाहेर पडायला लागला, मग कुठे ट्रकवर डिझेल इंजिनाचं बस्तान बसलं. आपल्याकडे १९५१ मधे बेंगळुरूला मायको, म्हणजे बॉशचीच इथली कंपनी, आली आणि पुढे ट्रकवाल्यांच्या तोंडी मायको पंप हेच नाव बसलं. या इनलाइन पंपाच्या कुशीलाच एक छोटा पिस्टनवाला फीड पंप बसवलेला असायचा, मोठ्या पंपाच्या कॅमवरच चालायचा, त्यालाच हँड प्रायमर, म्हणजे हाताने दाबून डिझेल भरायचा छोटा पंप. साधारण एक-दीड बार प्रेशर दिलं की भागलं. कॅम आणि टॅपेटला वंगण तेलाचं, डिझेल फक्त प्लंजरपुरतं. त्यामुळे थोडी एअर आली, थोडा कचरा आला तरी पंप कुरकुरत का होईना चालायचा. १९८६ पासून पिथमपूरला आयशरची कँटर बनायला लागली त्या काळातला जुना मेकॅनिक कधी भेटला तर विचारा, फीड पंप म्हणजे त्याला वॉशर आणि स्प्रिंग बदलून परत लावायची वस्तू वाटते. अपग्रेड वगैरे भानगड नव्हतीच.

खरी गोष्ट रोटरी पंपापासून सुरू होते, ज्यात एकच फिरता भाग सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतो. छोटा, हलका, स्वस्त, म्हणून जीप-पिकअपसाठी छान, आणि त्याच्या पोटातच एक व्हेन पंप (फिरत्या पात्यांचा) असतो जो स्वतःच टाकीतून डिझेल ओढतो. कंपन्यांनी विचार केला की आतला पंप ओढतोच आहे तर बाहेरचा फीड पंप कशाला, काढून टाका, फिल्टरवर हँड प्रायमर ठेवला की झालं. दुसरा बदल लोकांच्या लक्षात येत नाही, या पंपाला आतून इंजिन ऑइल नाही, त्याचं सगळं वंगण डिझेलच. म्हणजे डिझेल कमी पडलं तर गाडीची ताकद जाते एवढंच नाही, पंप कोरडा घासायला लागतो.

आता ओढणं आणि ढकलणं यात फरक काय ते बघा. ओढताना तुमच्याकडे जास्तीत जास्त वातावरणाचं प्रेशर असतं, एक बारच्या आसपास, त्यातलं थोडं फिल्टर खातो, थोडं पाइपची वळणं खातात, टाकी खाली असेल तर थोडं उंचीत जातं. वर ओढणाऱ्या पाइपला कुठे बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून खाली एक थेंब दिसत नाही आणि मालक म्हणतो लीक नाहीच. ढकलणाऱ्या पाइपला लीक असलं तर निदान जमिनीवर डाग दिसतो. चोइथराम मंडीला कांदा-लसूण भरून येणारी पिकअप भेरू घाटात चढावर मरते आणि सपाटीवर ठीक चालते, तेव्हा जाणता मेकॅनिक काय करतो, फिल्टर आणि पंपाच्या मधे हातभर पारदर्शक नळी जोडतो आणि गाडी रेस करायला सांगतो. नळीत आधी मोहरीएवढे बुडबुडे येतात, रेस वाढली की त्यांची सलग माळ होते. मग क्लिप, कॉपर वॉशर, बँजो बोल्ट एकेक करत मागे टाकीपर्यंत जायचं. बऱ्याच वेळा शंभर-दोनशेच्या नळीत काम होतं आणि मालक पंप उतरवायचं ठरवून आलेला असतो.

हे समजलं की अमेरिकेतली कहाणी सोपी होते. डॉज रॅम पिकअपला १९८९ मधे कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन आलं. याच घराण्यातलं इंजिन आपल्याला चांगलं ओळखीचं आहे, १९९३ मधे टाटा कमिन्स झाली आणि जमशेदपूरला बनलेली ही इंजिनं टाटाच्या ट्रकवर एबी रोडने (आग्रा-मुंबई रस्ता) रोज आपल्या दारावरून जातात, फक्त तिकडे तेच लोक घरच्या पिकअपमधे घालून फिरतात. सुरुवातीच्या रॅमला इंजिनच्या कॅमशाफ्टवर चालणारा मेकॅनिकल लिफ्ट पंप होता आणि १९९४ पासून तर बॉशचा तगडा इनलाइन पंप, कोणाची काही तक्रार नाही.

१९९८ च्या मध्याला चोवीस व्हॉल्ववालं इंजिन आलं आणि त्याबरोबर व्हीपी४४ नावाचा इलेक्ट्रॉनिक रोटरी पंप. त्याचं वंगण डिझेल, आणि डोक्यावर बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचं कूलिंग पण डिझेलच. एवढ्या नाजूक पंपाला डिझेल पाजायला कंपनीने दिला एक छोटा इलेक्ट्रिक पंप, तोही टाकीजवळ नाही, पुढे इंजिन ब्लॉकला लावलेला, सतत गरम, सतत थरथरणारा. इलेक्ट्रिक पंप ढकलण्यात पटाईत असतो, ओढण्यात कच्चा, आणि याला टाकीपासून ओढायला बसवलं. माझ्या मते सगळ्या कहाणीतला सगळ्यात वाईट निर्णय हाच. कारण हा छोटा पंप मेला तरी गाडी बंद पडायची नाही, व्हीपी४४ स्वतः ओढून घ्यायचा, ड्रायव्हरला पत्ता नाही, आणि काही काळाने हजार डॉलरच्या वरचा तो मोठा पंप जायचा. मग लोकांनी आधी केबिनमधे फ्युएल प्रेशरचा मीटर लावला, लोडवर १० पीएसआयच्या (प्रेशरचं अमेरिकन माप) खाली काटा येऊ द्यायचा नाही असा नियम केला, आणि नंतर टाकीजवळ चासीवर मोठा पंप. फास, एअरडॉग या कंपन्या यातूनच वर आल्या, पंप आणि फिल्टर एकत्र, शिवाय डिझेलमधली हवा वेगळी करून परत टाकीत सोडायची सोय. कंपनीने पण २००५ च्या रॅमपासून पंप टाकीतच टाकला, म्हणजे न बोलता मान्य केलं म्हणा.

जनरल मोटर्सने तर वेगळीच काटकसर केली. २००१ चं ड्युरामॅक्स, इसुझूबरोबर मिळून बनवलेलं, त्यात कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना जास्त प्रेशरचं डिझेल देणारी एकच सामायिक नळी) आणि तिला प्रेशर देणारा बॉशचा सीपी३ पंप, पण लिफ्ट पंप नाहीच. सीपी३ च्या पाठीला गिअर पंप असतो, तो ओढेल म्हणाले. सीपी३ दणकट म्हणून निभावलं. २०११ मधे त्या जागी सीपी४ आला, याला भरपूर आणि स्वच्छ डिझेल न मिळालं तर आतला रोलर-कॅम घासून लोखंडाचा चुरा रेल, इंजेक्टर, टाकी सगळीकडे पसरतो, पंप बदलून भागत नाही, पूर्ण लाइन बदलावी लागते. त्यातून डिझेलमधलं सल्फर कमी होत गेलेलं, तिकडे २००६ पासून १५ पीपीएम, आपल्याकडे बीएस६ बरोबर २०२० पासून १०. सल्फर काढायच्या प्रोसेसमधे डिझेलचा वंगणाचा गुण पण जातो, वरून अ‍ॅडिटिव्ह टाकून तो परत आणावा लागतो. शेवटी २०१७ च्या ड्युरामॅक्सला डेन्सोचा पंप आणि टाकीत लिफ्ट पंप आला.

पण लिफ्ट पंप टाकला की सीपी४ अमर होतो असं समजू नका, फोर्डच्या त्याच काळातल्या ६.७ लिटरवाल्या गाडीला इलेक्ट्रिक सप्लाय पंप पहिल्यापासून होता आणि सीपी४ च्या तक्रारी तिथेही झाल्याच.

म्हणून आपल्या इथे कोणी विचारलं तर मी आधी विचारतो की पंप कोणता आहे. इनलाइन असेल तर जुना फीड पंप उघडून व्हॉल्व आणि स्प्रिंग बघा, नवीन किट कशाला. रोटरी असेल आणि बाहेर फीड पंप नसेल तर टाकीजवळ कमी प्रेशरचा एक इलेक्ट्रिक पंप लावण्यात अर्थ आहे, पण आधी नळी तपासून, नाहीतर लीक झाकलं जातं. कॉमन रेल असेल तर जास्त प्रेशरचा मोह नको, सीपी३ सारख्या पंपाला तोंडाशी भरपूर आणि बिनहवेचं डिझेल हवं असतं, पुढचं हजार-दीड हजार बार तो स्वतःच बनवतो, तोंडाशी उगाच प्रेशर वाढवलं तर सील फुगतात आणि डिझेल इंजिन ऑइलमधे उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची लेव्हल वाढलेली दिसली आणि वास डिझेलचा आला तर तेच झालंय समजा, आणि वॉरंटीतली गाडी असली तर कंपनी हात वर करते ते वेगळंच.