एक दिवस ताज-उल-मसाजिदसाठी : नागपूरहून भोपाळची सहल

"मशिदीत आपल्याला आत जाऊ देतात का?" चौकशीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. नागपुरातल्या मोमिनपुऱ्यावरून, म्हणजे मुस्लिम वस्तीवरून, रोज ये-जा करणारी माणसंही तो विचारतात. उत्तर असं, की भोपाळच्या ताज-उल-मसाजिदमध्ये शुक्रवार आणि ईद सोडून, नमाजच्या वेळा टाळून, कोणत्याही धर्माच्या माणसाला जाता येतं. म्हणून आमची सहल शुक्रवारी नसते, रमजानच्या महिन्यातही नसते.

जाणं रात्रीच्या गाडीने. गाडीच्या पाऊण तास आधी नागपूर स्टेशनच्या संत्रा मार्केटकडच्या दारापाशी जमायचं. अंतर सुमारे 390 किलोमीटर. आमला, बैतूल, इटारसी झोपेतच जातात. नर्मदेचा पूल आला की ज्यांनी सांगून ठेवलं असेल त्यांना आम्ही उठवतो. भोपाळला उतरल्यावर लॉजवर आंघोळी, मग पोहे-जिलबी. तिथल्या पोह्यांवर तर्री नसते, शेव असते. चहा मात्र मीठ घातलेला सुलेमानी घेऊन बघा.

मशिदीत आपण सकाळीच जातो, त्याला कारण आहे. नमाज मक्केकडे तोंड करून पढतात आणि आपल्याकडून मक्का पश्चिमेला. त्यामुळे मशिदीचं तोंड पूर्वेला येतं आणि सकाळचं ऊन थेट तिच्या गुलाबी दर्शनी भिंतीवर पडतं. तीन घुमट, दोन अठरा मजली अष्टकोनी मिनार आणि पुढे हौद असलेलं अफाट अंगण. पहिली दहा मिनिटं आम्ही काहीच सांगत नाही, नुसतं बघू देतो.

'मसाजिद' हे मस्जिदचं अनेकवचन. म्हणजे नावाचा अर्थ 'मशिदींचा मुकुट'. हे बांधकाम काढलं भोपाळच्या नवाब शाहजहाँ बेगम यांनी. इंग्लंडमधल्या वोकिंगची 1889 सालची मशीदही त्यांच्याच देणगीतून उभी राहिली आणि त्यांचंच नाव लावते. घरची मशीद मात्र त्यांना पुरी झालेली बघता आली नाही. 1901 साली त्या गेल्या आणि पुढे पैशाअभावी काम थांबलं. 1971 साली मौलाना इमरान खान यांनी ते पुन्हा हाती घेतलं आणि 1985 साली पूर्ण झालं.

आपल्या नागपूरचा धागाही इथे आहे. 1812-13 साली दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजांनी भोपाळला वेढा घातला होता. तेव्हा भोपाळचा कारभार बघणाऱ्या वजीर मोहम्मद खानांनी शहर राखलं. त्यांची सून कुदसिया बेगम 1819 साली गादीवर आली. तिथून 1926 पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली, तर आई, मुलगी, नात, पणती अशा चार बायकांनी राज्य केलं. शाहजहाँ बेगम त्यातल्या तिसऱ्या. नमाजाच्या दालनात बायकांसाठी जाळीदार सज्जे आहेत. ते बघायला आम्ही मुद्दाम थांबतो, कारण बांधणारी बाई होती हे तिथे उभं राहिलं की नीट कळतं.

दालनात मूर्ती नाही, चित्र नाही. पश्चिमेच्या भिंतीतला कोनाडा म्हणजे मेहराब. शेजारच्या पायऱ्या म्हणजे मिंबर, जिथून शुक्रवारी खुतबा, म्हणजे प्रवचन, देतात. भोपाळचे जाणकार गाइड हिंदीत सांगतात, आमचा माणूस सोबत मराठीत.

आता पाळायच्या गोष्टी. पाहुणे म्हणून जायचं, एवढं लक्षात ठेवलं तर चूक होत नाही. चपला बाहेर. हातपाय झाकतील असे सैल कपडे. साडी, सलवार-कुर्ता उत्तम, हाफ पँट नको, पुरुषांनाही नको. बायकांनी डोकं झाकायचं. उन्हात गाडीवर बांधता तोच दुपट्टा चालतो. नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नका, मागून वळसा घाला. हौद वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी आहे, त्यात पाय बुडवू नका. आवारात मदरसा चालतो. तिथल्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मार्चपासून अंगणातली फरशी लवकर तापते, मोजे आणा.

दुपारी जेवण, शाकाहारी-मांसाहारी दोन्ही. मग कुदसिया बेगमांची जामा मशीद बाहेरून, चौक बाजारात जरीचे बटवे, संध्याकाळी मोठा तलाव आणि रात्रीची परतीची गाडी.

दरात तिकीट, लॉज, गाइड, नाश्ता, जेवण आणि तिथली गाडी धरलेली आहे. खरेदी आणि रात्रीचं जेवण आपलं आपण. मशिदीचं तिकीट नसतं, कोणी मागितलं तर देऊ नका, आम्हाला सांगा. एका फेरीत 14 जणच नेतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर नाव नोंदवतानाच सांगा, म्हणजे खालचा बर्थ तुमच्यासाठी मागता येईल. ओळखपत्र मूळ आणा, झेरॉक्स चालत नाही.